उसन्या नावानं शिकलेली सोफी जर्मेन

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा आपल्या संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा मी आधी टाळाटाळच केली. सोसायटीच्या आठवणी लिहायला इथं माझ्यापेक्षा जुने सभासद आहेत. पाण्याच्या टँकरपासून लिफ्टच्या गोष्टीपर्यंत सगळं तेच लिहितील आणि रंगवून लिहितील. मी आपली गणिताची निवृत्त शिक्षिका. मला गोष्टी येतात त्या गणितवाल्यांच्या.

पण परवा खाली लॉबीत लिफ्टची वाट बघत उभी होते आणि नजर नावांच्या पाटीवर गेली. 25 वर्षांपूर्वी हीच पाटी लागली तेव्हा एका फ्लॅटसमोर एकच नाव असायचं, आणि ते बहुतेक ठिकाणी घरच्या पुरुषाचं. आज त्याच पाटीवर कितीतरी घरांसमोर दोन-दोन नावं आहेत. काही ठिकाणी तर बाईचं नाव आधी. मनात आलं, पाटीवर नाव लागणं ही आपल्याला किती साधी गोष्ट वाटते! आणि लगेच सोफी आठवली. स्वतःच्या नावानं कुणी वाचणार नाही म्हणून जिला दुसऱ्याचं नाव उसनं घ्यावं लागलं, ती सोफी जर्मेन. तिचीच गोष्ट सांगते.

मेणबत्त्या काढून घेतलेली मुलगी

सोफीचा जन्म 1 एप्रिल 1776 चा, पॅरिसमधला. घर खाऊनपिऊन सुखी. वडील व्यापारी, शिवाय राजकारणातही होते. 1789 साली राजानं जी मोठी प्रतिनिधी सभा बोलावली तिच्यावर ते निवडून गेले होते. तीन बहिणींतली ही मधली.

त्याच वर्षी जुलै महिन्यात बॅस्टिलचा तुरुंग पडला. फ्रेंच राज्यक्रांती सुरू झाली. पॅरिसच्या रस्त्यांवर रोज काही ना काही घडत होतं. 13 वर्षांच्या मुलीला अशा दिवसांत घराबाहेर कोण सोडणार? सोफी घरात कोंडली गेली. करमणूक म्हणून एकच जागा, वडिलांची पुस्तकांची खोली.

तिथं तिला गणिताच्या इतिहासाचं एक जाडजूड पुस्तक सापडलं. त्यात आर्किमिडीजची गोष्ट होती. सिराक्यूज शहर रोमन फौजेनं घेतलं तेव्हा हा म्हातारा वाळूत काढलेल्या आकृतीत इतका बुडून गेला होता, की समोर उभ्या राहिलेल्या सैनिकाकडे त्याचं लक्षच नव्हतं, आणि त्यात त्याचा जीव गेला. आपण ही गोष्ट मुलांना एकाग्रतेचं उदाहरण म्हणून सांगतो. सोफीनं तिचा वेगळाच अर्थ काढला. ज्या विषयापायी माणूस मरणसुद्धा विसरतो, तो विषय कसा असेल, हे तिला बघायचं होतं.

मग ती गणिताच्या मागे लागली. शिकवायला कुणी नाही. न्यूटन आणि ऑयलर वाचायचे तर ते लॅटिनमध्ये. म्हणून तिनं आधी आपली आपण लॅटिन शिकून घेतली.

आईवडिलांना हे पसंत नव्हतं. मुलीच्या जातीला हे असलं जड शिक्षण झेपत नाही, प्रकृती बिघडते, अशी त्या काळची ठाम समजूत. त्यांनी उपाय केला. रात्री तिच्या खोलीतला विस्तव विझवायचा, उबदार कपडे काढून घ्यायचे, मेणबत्त्याही न्यायच्या, म्हणजे नाइलाजानं झोपेल. पॅरिसची थंडी आणि ही अशी खोली. सोफी सगळे झोपेपर्यंत गुपचूप पडून राहायची. मग गोधड्या गुंडाळून, लपवलेल्या मेणबत्त्या पेटवून बसायची. एका सकाळी ती टेबलावर डोकं टेकून झोपलेली सापडली. दौतीतली शाई थंडीनं गोठलेली, आणि पाटीवर गणितं. त्यानंतर घरच्यांनी हात टेकले. पुढं वडिलांनीच तिला जन्मभर पैशाची ददात पडू दिली नाही, हेही सांगायला हवं.

आपल्याकडे रमाबाई रानड्यांच्या आठवणी ज्यांनी वाचल्यात त्यांना हे ओळखीचं वाटेल. नवरा शिकवायला उत्सुक, पण शिकते म्हणून घरातल्या बायकांची बोलणी खावी लागायची. देश वेगळा, भाषा वेगळी, पण रात्रीच्या दिव्याची गोष्ट तीच.

लब्लाँ नावाचा विद्यार्थी

1794 साली पॅरिसमध्ये एक नवी संस्था निघाली, एकोल पॉलिटेक्निक. देशासाठी इंजिनिअर आणि शास्त्रज्ञ तयार करणारी. शिकवायला त्या काळचे सर्वांत मोठे गणिती. सोफी तेव्हा 18 वर्षांची. वयही बरोबर, बुद्धीही बरोबर. अडचण एकच. मुलींना प्रवेश नव्हता. (या संस्थेचं दार मुलींना उघडलं ते 1972 साली. आकडा चुकून छापलेला नाही.)

पण तिथली एक पद्धत सोफीच्या उपयोगी पडली. प्राध्यापकांच्या व्याख्यानांच्या नोट्स बाहेरही मिळत, आणि सत्राच्या शेवटी विद्यार्थ्यांनी आपली टिपणं लेखी द्यायची असत. सोफीनं ओळखीतून नोट्स मिळवल्या. अभ्यास केला. आणि लाग्रांज या थोर गणितज्ञाच्या विषयावर टिपण लिहून पाठवलं. खाली सही केली मुस्य लब्लाँ. मुस्य म्हणजे आपल्याकडचं श्रीयुत. लब्लाँ हे त्या संस्थेतल्या एका विद्यार्थ्याचं नाव होतं.

आता इथं क्षणभर थांबू या. हे फसवणं झालं का? वर्गात शिकवताना मी हा प्रश्न मुलांना विचारायची, आणि वर्गात हमखास दोन तट पडायचे. दुसऱ्याच्या नावानं परीक्षेला बसणं आणि हे, यात फरक काय? मला सुचलेलं उत्तर असं. परीक्षेतला तोतया न केलेल्या कष्टाचं फळ घेतो. सोफीनं फुकट काहीच घेतलं नाही. अक्षर न् अक्षर तिचं होतं. उसनं होतं ते फक्त दारावरची कडी वाजवण्यापुरतं नाव. आत गेल्यावर जे काही सांगायचं होतं ते तिचं स्वतःचंच होतं.

लाग्रांजनं टिपण वाचलं आणि तो चकित झाला. हा लब्लाँ कोण, त्याला भेटायला हवं, असं त्यानं ठरवलं. चौकशी करता करता गुपित फुटलं. सोफीला धाकधूक असणारच. पण लाग्रांज रागावला नाही. तो स्वतः तिच्याकडे आला, तिचं कौतुक केलं आणि पुढं तिचा मार्गदर्शक झाला.

गोष्टीचा शेवट इथंच गोड होऊ शकला असता. पण सोफीनं ते नाव टाकून दिलं नाही. लाग्रांज एक भला निघाला, म्हणून सगळे तसेच निघतील याची खात्री काय?

गाउसला लिहिलेली पत्रं

1801 साली जर्मनीत गाउस या तरुण गणितज्ञाचं संख्याशास्त्रावरचं पुस्तक निघालं. संख्याशास्त्र म्हणजे पूर्णांकांच्या गुणधर्मांचं शास्त्र. पुस्तक इतकं अवघड, की युरोपात ते नीट समजणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. सोफीनं ते तीन वर्षं उलटंपालटं वाचलं आणि नोव्हेंबर 1804 मध्ये गाउसला पत्र लिहिलं. सोबत स्वतःची काही सिद्धता. खाली सही पुन्हा तीच, लब्लाँ.

गाउस कुणाचं सहजासहजी कौतुक करणारा माणूस नव्हता. पण या लब्लाँच्या पत्रांनी तो खूश झाला. आपलं पुस्तक इतकं समजून वाचणारा कुणीतरी पॅरिसमध्ये आहे, हे त्यानं आपल्या मित्रालाही कळवलं. पत्रं चालू राहिली. गाउसच्या मनात हा पॅरिसचा एक हुशार तरुण होता.

आणि मग लढाई आली. 1806 साली नेपोलियनच्या फौजांनी गाउस राहत होता ते ब्राउनश्वाइग शहर घेतलं. पॅरिसमध्ये सोफीच्या काळजाचं पाणी झालं. लहानपणी वाचलेला तो वाळूत आकृती काढणारा म्हातारा आणि समोर उभा राहिलेला सैनिक तिच्या डोळ्यांसमोर आला. गाउसचंही असंच काही झालं तर?

फ्रेंच फौजेत पेर्नेती नावाचा तोफखान्याचा सेनापती होता, सोफीच्या घरोब्यातला. तिनं त्याला तातडीनं लिहिलं, की गाउसच्या जिवाला जपा. पेर्नेतीनं आपला एक अधिकारी कित्येक मैल दूर ब्राउनश्वाइगला धाडला. तो अधिकारी गाउसच्या घरी पोचला, सेनापतींचा निरोप दिला आणि सांगितलं, की पॅरिसच्या कुमारी सोफी जर्मेन यांच्या विनंतीवरून तुमची चौकशी करायला आलोय.

गाउस बुचकळ्यात पडला. जीव वाचवायला माणूस पाठवणारी ही बाई कोण? या नावाच्या कुणालाही आपण ओळखत नाही, असं त्यानं सांगून टाकलं.

हे सगळं सोफीच्या कानावर आलं. आता तिच्यापुढं दोन वाटा होत्या. गप्प बसायचं, आणि लब्लाँ म्हणून पत्रं चालू ठेवायची. किंवा खरं सांगायचं, आणि जे होईल ते पत्करायचं. लहान गोष्ट नव्हती ही. घरात बसून एकटीनं गणित करणाऱ्या बाईला गाउसची पत्रं म्हणजे शाळा, कॉलेज, विद्यापीठ सगळं तेच होतं. तेवढा एक धागा तुटला तर पुढं काय?

फेब्रुवारी 1807 मध्ये तिनं खरं सांगितलं. लब्लाँ म्हणजे मीच. विदुषी बाई म्हटली की लोक थट्टा करतात, त्या भीतीनं हे नाव घेतलं होतं, असं तिनं कबूल केलं. आणि तुम्ही मला आजवर जो मान दिला तो पुढंही राहील अशी आशा व्यक्त केली.

गाउसचं उत्तर 30 एप्रिलचं आहे. तो त्याचा तिसावा वाढदिवस होता. उत्तराचा सूर आनंदाचा आणि आदराचा. चालीरीती आणि पूर्वग्रह यांमुळे बाईला या विषयात पुरुषापेक्षा कितीतरी जास्त अडथळे असतात, ते ओलांडून जी इथवर पोचते तिच्याजवळ फार मोठं धैर्य आणि असामान्य बुद्धी असली पाहिजे, असा त्याच्या लिहिण्याचा आशय. सोफीनं ते पत्र किती वेळा वाचलं असेल!

स्वतःच्या नावानं

पुढं गाउस दुसऱ्या कामात गुंतला आणि पत्रं विरळ होत गेली. दोघांची प्रत्यक्ष भेट आयुष्यात कधीच झाली नाही.

1808 साली पॅरिसमध्ये क्लादनी नावाचा एक जर्मन शास्त्रज्ञ आला. धातूच्या पत्र्यावर बारीक वाळू पसरायची आणि कडेवर व्हायोलिनचा गज ओढायचा. वाळू हलते आणि पत्र्यावर सुंदर नक्षी उमटते. जणू आपोआप काढलेली रांगोळी. नेपोलियनसुद्धा बघून थक्क झाला. ही नक्षी अशीच का उमटते याचं गणित मांडणाऱ्याला बक्षीस जाहीर झालं. भलेभले मागं सरले, कारण त्यासाठी लागणारं गणितच अजून तयार नव्हतं.

सोफीनं काम हाती घेतलं. 1811 साली मुदत संपली तेव्हा एकच निबंध आला होता, तिचा. पण त्यात चुका होत्या, बक्षीस मिळालं नाही. लाग्रांजनं तिचं समीकरण दुरुस्त केलं, मुदत वाढली. 1813 साली दुसऱ्यांदा, तेव्हा उल्लेखनीय म्हणून नोंद झाली, बक्षीस नाही. तिसऱ्यांदा तिनं निबंध पाठवला तो स्वतःच्या नावानं. 8 जानेवारी 1816 रोजी पॅरिसच्या विज्ञान अकादमीचं ते बक्षीस सोफी जर्मेनला मिळालं. असं बक्षीस मिळवणारी ती पहिली बाई. समारंभाला मात्र ती गेली नाही.

का गेली नसेल? परीक्षकांनी बक्षीस दिलं, पण हातचं राखून. त्याच विषयावर काम करणारा प्वासाँ हा मोठा गणिती तिच्याशी चर्चा करायचंच टाळत राहिला. आणि अकादमीच्या बैठकींना बसायची तिला परवानगी नव्हती. सभासदांच्या बायकांना होती, बक्षीस मिळवणाऱ्या बाईला नव्हती! ती परवानगी मिळाली काही वर्षांनी, फूरिये हा तिचा मित्र अकादमीचा सचिव झाल्यावर. बक्षीसपात्र निबंध तिला 1821 साली पदरचे पैसे घालून छापावा लागला.

तिच्या निबंधातल्या चुकांबद्दल पुष्कळ बोललं गेलंय. मी शिक्षिका म्हणून एवढंच म्हणेन, की त्या एकटीनं शिकणाऱ्याच्या चुका होत्या. वर्गात बसणाऱ्याला फळ्याजवळ बोलावून कुणीतरी सांगतं, बाळ, इथं चुकलं. सोफीला हे सांगायला शेजारी कुणीच नव्हतं. लब्लाँ या नावानं तिला पत्रं मिळवून दिली, वर्ग नाही मिळवून दिला. उसन्या नावाची मर्यादा इथं दिसते.

मुलांसाठी थोडं गणित

आपल्या सोसायटीतल्या शाळकरी मुलांसाठी एक गंमत. एक मूळ संख्या घ्या. तिची दुप्पट करा आणि त्यात 1 मिळवा. उत्तरही मूळ संख्या आलं, तर पहिल्या संख्येला सोफी जर्मेन मूळ संख्या म्हणतात. 11 घ्या : 22 आणि 1, 23. जमलं. 23 घ्या : 47. जमलं. 7 घ्या : 15. नाही जमलं, 15 ला 3 नं भाग जातो. आता 29 आणि 31 तुम्ही करून बघा.

या संख्या तिला फर्मा नावाच्या गणितज्ञाच्या कोड्यासाठी लागल्या. 3 चा वर्ग आणि 4 चा वर्ग मिळून 5 चा वर्ग होतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण वर्गाऐवजी घन किंवा त्याहून मोठा घात घेतला, तर अशा तीन पूर्ण संख्या मिळूच शकत नाहीत, असं फर्मा सांगून गेला आणि सिद्धता ठेवून गेला नाही. सोफीच्या आधीचे लोक एकेका घातासाठी झगडत होते. तिनं एकदम अनेक घातांना लागू पडणारी वाट काढली, आणि 100 च्या आतल्या सगळ्या विषम मूळ घातांसाठी कोड्याचा एक मोठा भाग सोडवला. हे कामही जगापुढं आलं ते लजांद्र या गणितज्ञाच्या निबंधातल्या एका तळटीपेतून. पूर्ण कोडं सुटायला 1990 चं दशक उजाडलं.

शेवट

1829 साली सोफीला स्तनाचा कर्करोग असल्याचं कळलं. दुखणं सोसत ती काम करत राहिली, निबंध छापत राहिली. 27 जून 1831 रोजी ती गेली. वय 55. लग्न केलेलं नव्हतं. मृत्यूच्या सरकारी दाखल्यात व्यवसाय लिहिलाय तो ठेवींच्या उत्पन्नावर जगणारी बाई असा. गणितज्ञ असा नाही. सहा वर्षांनी ग्योटिंगेन विद्यापीठात सन्मानाच्या पदव्या दिल्या जात असताना, आज सोफी हयात असती तर तीही या पदवीला लायक होती, अशी खंत गाउसनं बोलून दाखवली.

1889 साली आयफेल टॉवर बांधला तेव्हा त्यावर 72 फ्रेंच शास्त्रज्ञ आणि इंजिनिअर यांची नावं कोरली. लाग्रांज आहे, लजांद्र आहे, फूरिये आहे, प्वासाँसुद्धा आहे. त्या 72 नावांत सोफी नव्हती. आज पॅरिसमध्ये तिच्या नावाचा रस्ता आहे, शाळा आहे.

नाव बदलून काम करणं आपल्याला नवीन नाही. आपल्या शांता शेळके यांनीही काही गाणी डॉ. वसंत अवसरे या नावानं लिहिली. आजकालची आपली मुलं तर मोबाईलवर रोज एक नवं नाव घेऊन वावरतात. आजीआजोबा काळजी करतात. काळजी योग्यच आहे, पण सरसकट रागावू नये असं मला वाटतं. त्या नावाच्या आड राहून पोरगं काय करतंय ते बघावं. कुणाला त्रास देतंय, की आपल्या नावानं करायला लाजत होतं असं काही चांगलं करून बघतंय? आणि वेळ येईल तेव्हा, होय, तो मीच, असं सांगण्याची त्याची तयारी आहे का? सोफीची होती.

आणखी एक. तिला लब्लाँ व्हावं लागलं यात तिचा दोष नव्हता, दाराचा होता. आपल्या घरात, आपल्या सोसायटीत असं एखादं दार अजून बंद आहे का, हे पंचविशीच्या निमित्तानं बघायला हरकत नाही. कमिटीच्या मीटिंगला दोघांपैकी कोण येतं? फ्लॅटच्या कागदांवर कुणाचं नाव आहे?

पाटीवर जागा आहे. ज्यांची नावं अजून लागलेली नाहीत, त्यांनी जरूर लावून घ्यावीत. रौप्यमहोत्सवाच्या सगळ्यांना मनापासून शुभेच्छा!

— बी विंगमधील एक निवृत्त शिक्षिका